मधुकाकाचे मत

वखारीतल्या मोठ्या काट्यावर मधुकाका उभा आहे — अंगावर फक्त खाकी अर्धी चड्डी, हात मांड्यांना चिकटलेले, श्वास रोखलेला — आणि दारातून आत आलेल्या तिरप्या उन्हात गवताची पिवळी धूळ त्याच्याभोवती तरंगते आहे, खाली बसायची तिला घाई नाही. बाबा दांडीवर वाकून सरकते वजन नखाने पुढे ढकलत आहेत. दांडी एकदा वर जाते, एकदा खाली येते, मग थरथरत मध्ये थांबते. "चोपन्नला जरा कमीच," बाबा म्हणतात, आणि मधुकाका श्वास सोडतो… बालपणाचा कप्पा उघडला की सगळ्यांत वर मला हेच चित्र ठेवलेले सापडते.

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारले, "आजी, बॅन्टमवेट म्हणजे काय गं?" तिकडे त्याच्या जिममध्ये कोणी तो शब्द उच्चारला होता. मी म्हटले, चोपन्न किलोंच्या आतला मुष्टियोद्धा. आजीला हे कसे ठाऊक, याचे तुम्हाला दोघांनाही हसू आले. म्हणून लिहिते आहे. फोनवर सांगू लागले की माझा क्रम चुकतो, आणि हल्ली दमायलाही होते.

पालघरला तेव्हा गवताच्या वखारी होत्या. दसरा झाला की मासवणकडच्या, मनोरकडच्या उतारांवरचे गवत कापून बायका-पुरुष डोक्यावरून भारे घेऊन येत. ते भारे वखारीत तोलले जात, यंत्रात दाबून त्यांच्या गासड्या बांधल्या जात आणि मालगाडीने त्या मुंबईच्या तबेल्यांकडे निघत. बाबा अशाच एका वखारीत मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारे कारकून, होते. काटा त्यांच्या ताब्यात. आमचे बिऱ्हाड वखारीला लागूनच, त्यामुळे आईच्या लुगड्याला, आमच्या अंथरुणांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा गवताचा वास असे — कोरडा, गोडसर, उन्हात तापून मऊ झालेला. बाहेरचा पाहुणा उंबऱ्यावर थांबून म्हणे, काय सुरेख वास येतो हो तुमच्याकडे… आणि आम्ही एकमेकांकडे बघत असू. आम्हाला तो कधीच येत नसे.

मधुकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांनीच त्याला वाढवलेला. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पण हाताने इतका चपळ की उडती माशी मुठीत धरायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. ही चपळाई हेरली पीटरकाकांनी. ते स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. तरुणपणी रेल्वेकडून मुष्टियुद्ध खेळलेले, आणि त्या दिवसांची खूण म्हणून नाक एका बाजूला कायमचे कललेले. त्यांनी एका गोणत्यात गवत ठासले, ते वखारीच्या तुळईला टांगले आणि काम आटोपल्यावर रोज संध्याकाळी मधुकाकाला त्याच्यापुढे उभे केले. ठोशागणिक गोणत्यातून भुसा उडे. आई दारातून ओरडे, "भावोजी, डोकं झाडून या घरात."

पीटरकाकांच्याच ओळखीने मला मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत घातले होते, आणि त्या इंग्रजीचा पहिला उपयोग घरात झाला तो असा. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत पूर्वी परदेशी इंजिनिअर राहत; ते परत गेले तेव्हा त्यांची मासिके बोईसरच्या रद्दीवाल्याकडे आली, आणि त्यातली मुष्टियुद्धाची तेवढी पीटरकाकांनी उचलून आणली. रविवारी संध्याकाळी ओट्यावर मी ती वाचून अर्थ सांगायची. शेंगा सोलत, चहा पीत वाद चाले तो एकच — जगात आजवर सर्वांत थोर बॅन्टमवेट कोण? परदेशी नावे कोणाच्याच जिभेवर बसत नसत, म्हणून आम्ही त्यांना देशावरून ओळखायचो. पीटरकाकांचा देव होता पनामावाला. जुन्या काळातला, ताडासारखा उंच, लांब हातांचा. बाबांचा ब्राझीलवाला. त्याचे कारणही साधे होते. तो मांसाहार करत नाही, असे एका मासिकात एका ओळीत छापलेले होते, आणि बाबांनी ती ओळ माझ्याकडून कितीदा तरी वाचून घेतली होती.

"मेहताजी, बोंबील नाय खाल्ला तर ठोसा कुठून येल?" पीटरकाका म्हणत.

"आमच्या मधूचा कुठून येतो? वरण-भातातूनच ना?"

"मधूचा मी आनला."

"आणि पनामावाल्याचा? उंची देवाने दिली त्याला. त्यात त्याचं काय कर्तृत्व?"

"मग पोट बी देवानंच दिलंय तुमाला. त्याचं एवडं कवतिक नाय करत आमी."

मधुकाका हसत राही. त्याचे मत विचारले की म्हणे, "मला आधी एकदा रिंगणात उतरू द्या. मग सांगतो."

आणि ते रिंगण जवळ येत होते. हिवाळ्यात मुंबईला राज्याच्या संघाची निवड होती. संघात आला तर रेल्वेत नोकरी पक्की, असे पीटरकाकांनी साहेबांच्या तोंडून ऐकले होते. त्या एका नोकरीवर आमचे सगळे घर डोळे लावून बसले होते. पण मधुकाकाचे अंग छप्पनच्या पुढचे, आणि पीटरकाकांचा हट्ट की बॅन्टममध्येच खेळायचे, वरच्या गटात उंच पोरे चिरडून टाकतील. म्हणून भात बंद झाला. सकाळी ताक, संध्याकाळी उकडलेली भाजी आणि एक भाकरी. आम्ही पानांवर बसलो की मधुकाका उठून वखारीत जाऊन बसे, भाताच्या वाफेपासून दूर. गालफडे आत गेली, डोळे मोठे दिसू लागले, आणि रोज संध्याकाळी तो काट्यावर उभा राहिला की दांडी आणखी थोडी खाली उतरे.

एकदा तो असा उभा असताना मासवणची जानकी भारा उतरवून घाम पुसत होती. वर्षानुवर्षे आमच्याकडे गवत आणणारी बाई. जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "या काट्यावर सगलेच बारीक होतात, भाऊ. आमचा भारा बघ, घरून निघतो जाडा, हितं येऊन वालतो."

सगळे हसले. बाबाही हसले. मधुकाका तर इतका हसला की दांडी हलली आणि पुन्हा तोलावे लागले.

मुंबईला मधुकाकाबरोबर बाबा आणि पीटरकाका गेले; मी गेले नव्हते. तिथे काय झाले ते पुढे पीटरकाकांनीच मला सांगितले, तुकड्यातुकड्यांनी. तिथल्या काट्यावर मधुकाका जवळजवळ दोन किलोंनी जास्त भरला. पंचांनी एक तास दिला. अंगात दोन स्वेटर, त्यावर पीटरकाकांचा रेल्वेचा कोट घालून तो मैदानाला फेऱ्या मारत राहिला, तोंडातली थुंकी संपेपर्यंत थुंकत राहिला. तरी दांडी खाली आली नाही, आणि हातांत मोजे न चढवताच त्याला परत पाठवले. पीटरकाकांनी बाबांना विचारले, "मेहताजी, तुमचा काटा बरोबर हाय ना?" मधुकाका बाबांकडे बघत राहिला… आणि पालघर येईपर्यंत तिघांत एक शब्द झाला नाही.

वखारीचा काटा कमी दाखवी. वखारीच्या मालक शेटने तो तसाच लावून घेतला होता, गवत आणणाऱ्यांना वजनावर कमी पैसे द्यावे लागावेत म्हणून. बाबांना हे ठाऊक होते. त्यांच्या नोकरीचा तो भागच होता. पण माणूस रोज ज्या खोटेपणाशेजारी बसतो, तो त्याला दिसेनासा होतो — आम्हाला गवताचा वास येत नसे, तसाच. भावाला त्या काट्यावर उभे करताना बाबांना त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती, यावर माझा आजही विश्वास आहे. मधुकाकाचा तेव्हा बसला नाही.

त्या संध्याकाळी आईने काही न विचारता भात वाढला. मधुकाका जेवू लागला. मान वर न करता, वरण न घेता, नुसता पांढरा भात तो खात राहिला, आई वाढत राहिली, आणि बाबा समोर रिकाम्या पानावर हात ठेवून बसून होते. भाताची वाफ मधुकाकाच्या तोंडावर येत होती. मला वाटले होते तो रडेल. तो फक्त जेवला, हात धुतले आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा त्याच काट्यावर बसले. त्यांनी नोकरी सोडली नाही. सोडून जायचे कुठे? माझी शाळा, घरभाडे, आईचे दुखणे, सगळे त्याच दांडीला टांगलेले होते. ज्या इंग्रजीवर पुढे मी नोकरी केली, तुमच्या आईला शिकवले, ती मला त्या काट्यावरूनच मिळाली. हे मी कोणाला कधी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

मधुकाका बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. हातांच्या रेषांत कधी निळा, कधी लाल रंग भरलेला असे, आणि तो साबणाने जात नसे. रविवारचा ओटा मात्र चालू राहिला. पीटरकाका येत, शेंगा येत, तीच जुनी मासिके मी पुन्हा वाचून दाखवी, पनामा आणि ब्राझील पुन्हा समोरासमोर उभे राहत. आता त्या वादात जीव नव्हता. थांबवला तर मागे काय उरेल याची भीती वाटून तो दोघे ओढत नेत आहेत, असे मला लहानपणीही जाणवे. मधुकाका पायरीवर बसून असे. पीटरकाका दर वेळी विचारत, "मधू, तू बोल. एकाला एक झालेत. तुझं मत दे."

"मला कशाला विचारता?" तो म्हणे. "मी कुठे वजनात बसलो?"

बाबा मग शेंगांची टरफले गोळा करू लागत.

अशी वीस वर्षे गेली. माझे लग्न झाले, आई गेली, तबेले मुंबईबाहेर हलले आणि वखारी एकेक करून बंद पडल्या. काटा भंगारात गेला, तेव्हा बाबा बघायलाही बाहेर आले नाहीत. नव्वदीच्या दशकात ते आजारी पडले, तेव्हा मधुकाकाने त्यांना बोईसरला आपल्या घरी नेले. एका सुट्टीत मी तिथे होते. डॉक्टरांनी औषधासाठी वजन विचारले होते, आणि बाबांना उभे राहवत नव्हते. तेव्हा मधुकाकाने त्यांना लहान मुलासारखे दोन्ही हातांवर उचलले, तसाच तो दवाखान्याच्या काट्यावर चढला. मग त्यांना माझ्या शेजारी बाकावर ठेवून एकटा चढला, आणि मनाशी वजाबाकी केली.

"दादा," तो म्हणाला, "बसलास रे वजनात. बॅन्टमपेक्षासुद्धा कमी."

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. मग अगदी हळू विचारले, "काटा बरोबर आहे का रे?"

खोलीत औषधांचा वास होता, बाहेर कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"बरोबर आहे," मधुकाका म्हणाला. "आधी बघून घेतलाय."

त्या रविवारी पीटरकाका काठी टेकत पालघरहून आले. बाबा खाटेवर, आम्ही भोवती. पीटरकाकांनी सवयीने सुरुवात केली, पनामावाल्याचा लांब हात, त्याची चाल… बाबांच्या अंगात वाद घालायचे त्राण नव्हते. ते नुसते छताकडे बघत होते. पीटरकाकांनी सवयीनेच विचारले, "मधू, तू बोल."

मधुकाका पायथ्याशी बसून बाबांचे तळपाय चोळत होता. त्याने मान वर केली नाही.

"ब्राझीलवाला," तो म्हणाला.

पीटरकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "वीस वर्सं थांबलो मी ह्याच्यासाठी," ते म्हणाले, "आनि शेवटी भावाकडं गेला."

बाबांनी पाय मागे घेतला नाही.

आता तिघेही नाहीत. वखारीच्या जागी चार मजली इमारत आहे, खाली मोबाईलचे दुकान. मागच्या वर्षी पालघरला गेले होते तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मनोर रस्त्याला कोणीतरी बांधावरचे गवत कापून वाळत टाकले होते, आणि गाडीच्या खिडकीतून तो वास एकदम आत आला — कोरडा, गोडसर. इतक्या वर्षांनी, प्रथमच, मला तो आला.

तुमच्या जिममध्ये हा वाद पुन्हा निघेलच. तुम्हाला पुष्कळ नवी नावे ठाऊक असतील, आणि ती माझ्यापेक्षा बरोबर उच्चारता येतील. माझे मत विचारलेत तर ब्राझीलवाला, एवढेच सांगा.