मागच्या ओळीतली माझी जागा

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात, ते लोक वाजवायचे म्हणून!"

शुभदाताईंनी हे मला सगळ्यांसमोर म्हटलं. हसत. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीचा हॉल. शनिवारची संध्याकाळ. लाइन डान्सच्या ग्रुपमधल्या पंधरा-सोळा बायका घाम पुसत, पाणी पीत उभ्या. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी आई. वय ब्याऐंशी. मला नाचताना बघायला ती पहिल्यांदाच खाली आली होती. शुभदाताईंनी तिला मराठीत विचारलं, "आजी, गाव कुठलं तुमचं?" आई खूश झाली. म्हणाली, "बार्शीकडचं. हिचा बाप हलगी वाजवायचा. अशी वाजवायचा, की मिरवणूक पुढं सरकायची न्हाई."

त्यावर शुभदाताई ते म्हणाल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिले. ते लागलेलंच होतं.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या नाचात जोडीदार लागत नाही, म्हणून मी त्यात आले. बावन्नाव्या वर्षी विधवा बाईला दुसरा कुठला नाच परवडतो? चार ओळी करायच्या, सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करायचं, पावलं एकसारखी. बत्तीस मोजले की पाव वळण. नवीन भिंत समोर. पुन्हा तीच पावलं, पुन्हा वळण. दोनदा वळलं की मागची ओळ पुढे येते. तेव्हा शिकवणारी सगळ्यांच्या पाठीमागे राहते, बघायला समोर तीच ओळ उरते, म्हणून मागच्या ओळीत पक्क्या पायांचं माणूस ठेवावं लागतं. ती जागा तीन वर्षं माझी. मागची म्हणून कमी नव्हे. मी ती कमावली होती.

गाणी बहुतेक अमेरिकेतली, तिकडच्या गावाकडची. बँजो, फिडल, गिटार. कुणाचा जुना ट्रक, कुणाचं शेत, कुणाची सोडून गेलेली बायको. शब्द निम्मे कळत नाहीत, ताल कळतो. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेले बूट घालून आम्ही नाचतो. रेणूकडे तर हॅटसुद्धा आहे. ती म्हणते, "दीदी, ये काउबॉय लोगों का म्यूज़िक है, कितना प्योर है ना!" काउबॉय म्हणजे गुरं राखणारे. परमुलखातले गुराखी आम्हाला प्योर वाटतात.

आई खाली आली त्या संध्याकाळच्या आधी महिनाभर एक नवीन नाच बसत होता. त्यात शफल होतं, म्हणजे दोन मात्रांत तीन पावलं. वन-अँड-टू. बायकांना जमेना. शुभदाताई आमच्या शिकवणाऱ्या. त्या मोजून मोजून थकल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं करा. डंग-टिक-डंग. डंग-टिक-डंग." मी टाळीवर धरलं आणि सगळ्यांचे पाय बरोबर पडले. रेणू ओरडली, "अरे वाह!"

शुभदाताई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी कान टवकारले. "हा तर हलगीचा ठेका. तुम्हाला कसा येतो?"

मी म्हणाले, "आमच्या गावात वाजवायचे ते लोक."

एका श्वासात म्हणाले. विचार करावा लागला नाही. सराव होता.

"हो ना," त्या म्हणाल्या, "त्यांच्या रक्तातच असतं ते. आमच्या आजोळी यायचे. अंगणाबाहेर उभे राहून वाजवायचे, आजी वरून भाकरी टाकायची. पण काय वाजवायचे हो!"

मी हसले. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. मी हसले.

आम्ही मातंग. गावात मांग म्हणायचे. अंगणाबाहेर उभा राहून वाजवणारा माणूस माझा बाप होता. आबांना पुढे दिल्लीत सरकारी ऑफिसात शिपायाची नोकरी लागली, सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं. हलगी सोबत आली. रविवारी ते ती स्टोव्हच्या आचेवर शेकायचे, चामडं ताणलं की वाजवायचे. मी पोटावर झोपलेली असले की माझ्या पाठीवर बोटांनी बोल धरायचे. तिथून तो ठेका माझ्यात आला. दहावीत असताना मीच त्यांना म्हटलं, "आबा, शेजारचे ऐकतात." त्यांनी हलगी चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मरेपर्यंत काढली नाही.

तर त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये आई म्हणाली, "कोण ते लोक?"

सातव्या मजल्यापर्यंत मी लिफ्टचे आकडे बघत राहिले. दार उघडलं तेव्हा तिने माझा हात धरला नाही. भिंत धरून बाहेर आली.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा झाला का. गोळी कुठली. मी ऑफिसात फायली काढत होते आणि प्रत्येक फायलीवर मला तिची नजर दिसत होती. शुभदाताईंचा मला राग यायला हवा होता. आला नाही. शब्द माझा होता. त्यांनी फक्त परत केला.

पुढच्या शनिवारचा सराव. सोसायटीच्या गणेशोत्सवात आमच्या ग्रुपला दहा मिनिटं मिळाली होती. शुभदाताईंनी ओळी लावल्या. माझ्या जागेवर रेणू.

"तुम्ही नाचात नको," त्या मला म्हणाल्या. गोड आवाजात. "शेवटची दोन मिनिटं आपण हलगीवर करू. तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि वाजवा. तुमच्याकडे असेलच की."

रेणू म्हणाली, "हां दीदी, कितना ऑथेंटिक लगेगा!"

बाजूला. हॉलमध्ये अंगण नव्हतं, पण बाजू होती. त्यांनी ती बरोबर शोधली होती.

खरं सांगते, क्षणभर मी हो म्हणणार होते. मान हलायलाही लागली होती. इतकी वर्षं सगळ्यांना बरं वाटेल असंच वागत आले होते. मग मी चालत माझ्या जागेवर गेले आणि रेणूला म्हटलं, "थोड़ा खिसको." ती सरकली.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मैंने झूठ बोला था। 'वो लोग' मतलब मेरे पिताजी। हलगी वो बजाते थे। बाहर खड़े होकर, क्योंकि अंदर कोई आने नहीं देता था।"

मग शुभदाताईंना मराठीत. "मला हलगी वाजवता येत नाही. येत असती तरी बाजूला उभी राहून वाजवली नसती. मी इथून नाचणार."

"अहो, किती मनाला लावून घेता! आजकाल असं मानतं कोण?"

"तुम्ही मानता. आणि चाळीस वर्षं मी मानत आले."

शुभदाताईंनी गाणं लावलं. बत्तीस मोजले, वळलो. पुन्हा बत्तीस. दुसरं वळण आलं, माझी ओळ पुढे आली, आणि त्यांनी गाणं बंद केलं. "आज इतकंच," म्हणाल्या. बायका पर्स उचलून निघाल्या. रेणू माझ्याकडे न बघता गेली. पायात बूट, समोर रिकामी भिंत. तिथे मी एकटी उभी होते.

घरी येऊन आईसमोर बसले. म्हटलं, "ते लोक मी म्हणाले होते. आबांना."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच म्हणालीस?"

"नाही."

तिने मान फिरवली. माफ कर असं मी म्हणाले नाही. ते मागून मिळण्यासारखं नव्हतं, आणि मिळालं असतं तर मी पुन्हा आरामात राहिले असते.

ऑफिसात विचारलं तर मी गाव सांगून विषय बदलते. मुलीला मी सांगितलंय, आजोबा सरकारी नोकरीत होते. बस. आबांनी काय बाजूला ठेवलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे तिला माहीत नाही. ती गाझियाबादला सासरी असते. उद्या रविवार. मेट्रोने जाणार आहे. फोनवर नाही सांगणार. तिची सासू समोर बसलेली असताना सांगणार, मांग हा शब्द उच्चारून. मुलीला लाज वाटली तर वाटू दे. ती लाज माझ्याकडूनच तिच्याकडे गेली आहे, परत घेणं माझं काम आहे.

सोमवारी ऑफिसात हेच.

आणि शनिवारी पाच वाजता मी हॉलमध्ये असेन, मागच्या ओळीत. गाणं लावा, नका लावू. नाच एका भिंतीचा करा, न वळता, म्हणजे माझी ओळ पुढे यायलाच नको. मी स्वतःहून हलणार नाही. मला काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढावं लागेल, आणि का काढता ते तोंडाने म्हणावं लागेल.