चढावरचा दगड आणि साडूंचं टर्बो

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू जशी घेतली तशी वापरली नाही. त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही मिक्सर दिला, तो तिसऱ्या दिवशी विळ्यांना धार लावत होता. वीज जाते म्हणून कूलरला त्यांनी सायकलचं पॅडल बसवलं. त्यामुळे गारखेड्यातल्या त्यांच्या घरी भर उन्हाळ्यात गार वारा मिळायचा खरा, पण घेणारा गार आणि पॅडल मारणारा घामाघूम. धाकटा साडू या नात्यानं पॅडल माझ्याकडे असे. घरात नवी वस्तू आली की त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, आधी ती डोळे भरून बघून घ्यायच्या. "उद्या वळखू यायची नाय," म्हणायच्या.

गंमत म्हणजे हा माणूस तीस वर्षं चितेगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होता. केसाच्या जाडीएवढा फरक दिसला तरी माल परत, अशी त्यांची ख्याती. पण घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की मोजपट्टी वर्ज्य. पडद्याचं कापड, पाण्याची टाकी, पाहुण्यांच्या पोराची उंची, सगळं वितीनं आणि बोटांनी. मी एकदा टेप पुढे केली तर मलाच ऐकवलं, "घरच्या कामाला टेप लावतेत व्हय? आईनं कधी मोजून भात वाढला का आमाला?" मी टेप खिशात घातली.

त्यांच्या वडिलांची एक जुनी, गोल दिव्यांची, छोटी पिकअप होती. पाचोडच्या मळ्यातली मोसंबी भरून ती शहरात यायची. वाटेत एक चढ लागतो, तिथं भरली गाडी हमखास दम टाकायची. मग साडूंची आई खाली उतरायची आणि हातात दगड घेऊन मागून चालायची. गाडी थांबली की दगड चाकामागे. असा कित्येक वर्षं तो चढ तिनं पायी चढला. वडील गेले, गाडी साडूंच्या अंगणात येऊन उभी राहिली. पुढं आईनं ऐंशी ओलांडली, तब्येत उतरायला लागली, आणि एका रविवारी साडू मला गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साडूभाऊ, आईचं आता काय खरं नाय. आपल्याला टर्बो बसवावं लागतंय."

असं वाक्य माझ्या कानांवर प्रथमच पडत होतं. मग त्यांनी समजावलं. इंजिनाचा धूर वाया जाऊ द्यायचा नाही, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि इंजिनाला जादा हवा पाजायची. मग चढ काय नि सपाट काय! भरल्या गाडीत बसून आई एकदा तो चढ चढली पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा. दुसऱ्या कुठल्याही मुलानं आईसाठी टॅक्सी केली असती.

या कामात त्यांचे भागीदार होते चाचा, कारखान्यातले जुने फिटर. माणूस सहा फुटी, हाताचा पंजा परातीएवढा. साडूंचा पंजा मात्र बांगड्या भराव्यात असा नाजूक. जुन्या इंजिनाला टर्बो झेपणारं नव्हतं, म्हणून टर्बोसकट दुसरं इंजिनच घालायचं ठरलं. बॉनेटखालची जागा साडूंनी मोजली, पाच वीत. भंगार बाजारात जाऊन इंजिन मोजलं चाचांनी, तेही पाच वीत. दोघांनी मिठी मारली आणि इंजिन घरी आणलं. अंगणातल्या कडुलिंबाला साखळी बांधून, त्याची एक फांदी मोडून, ते वर चढवलं, हळूहळू खाली सोडलं, आणि ते पाच वितींचं इंजिन पाच वितींच्या जागेत काही केल्या बसेना. साडूंनी लिंबाला दोष दिला, चाचांनी भंगारवाल्याला. शेवटी कढी वाढता वाढता अक्काच म्हणाल्या, "एकमेकाच्या हाताला हात लावून बगा की." दोघांनी अंगणात तळव्याला तळवा लावला, चाचांची बोटं दोन पेरं वर गेली आणि मला हसू फुटलं.

"कायको हसते मियाँ," चाचा शेवटी माझ्यावरच उखडले, "बालिश्त तो बालिश्तच रहती! वीत बोले तो वीत!"

मग रेडिएटर पुढं सरकला, गाडीला नाक आलं आणि त्या नाकावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला गेला. आरटीओची परवानगी रीतसर मिळवली. तिथल्या साहेबांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या म्हणे. पहिल्यांदा इंजिनाचा वेग वाढवला तेव्हा टर्बोनं अशी शिट्टी घातली की अक्का गॅस बंद करायला आत धावल्या.

ठरल्या दिवशी आम्ही पाचोडला गेलो. रिकाम्या गाडीनं चढ चढण्यात काय मर्दुमकी, म्हणून मोसंबीचे क्रेट भरले. क्रेटवर मी. पुढं साडू आणि आई. चढाच्या पायथ्याशी आई सवयीनं दाराची कडी चाचपायला लागली. "थांबीव रं, उतरते."

"बस आई. आज बसायचं."

शिट्टी वाजली आणि गाडी अशी सुटली की चार मोसंब्या माझ्या डोक्यावरून रस्त्यावर गेल्या. दहा श्वासांत आम्ही माथ्यावर. साडूंनी गाडी थांबवून आईकडे पाहिलं. आईनं मागं वळून रस्ता पाहिला.

"येवढाच व्हता व्हय चढ?" ती म्हणाली. मग रस्त्याकडं बघतच, "तुझा बाप लई अबोल. पर या चढाला सारखा मागं वळून बघायचा, मी येतीय का नाय ते. तेवढंच बघायचा बघ."

साडूंचा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत, तेलाचा डबा, लिंबाची मोडलेली फांदी, सगळं त्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा पायथ्याशी आणली. आईला हात धरून उतरवलं. तिनं कडेचा एक दगड उचलला. साडूंनी पहिला गिअर टाकला आणि गोगलगाईसारखी गाडी चढवत ते खिडकीतून मागं बघत राहिले. आई दहा-पंधरा पावलं चालली, दमली, आणि हसतच दगडासकट पुन्हा गाडीत बसली.

आई आता नाही. दगड गाडीत समोरच्या फळीवर आहे. साडू अजून दर मोसमात मोसंबी आणतात, मीही कधीमधी सोबत असतो. सपाट रस्त्यावर ते टर्बोच्या शिट्ट्या वाजवत भल्याभल्या गाड्यांना मागं टाकतात. तो चढ आला की मात्र पहिला गिअर टाकतात आणि सगळा चढ संपेपर्यंत मधूनमधून मागं वळून बघतात.