सोमवारीच घेतलेली बुधवारची चव

पोत्याचं तोंड सोडलं आणि तांदळात हात घातला. मूठ बाहेर काढली तर गोळा आला. चांगला तांदूळ मुठीतून सुटतो. हा चिकटून बसला होता, आतून हिरवट-काळा, आणि वास ओल्या गोणपाटाचा.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका शाळेत मी पोषण आहार शिजवते. चौदा वर्षं झाली. शिक्षण चौथी. किड्यांचा मी बाऊ करत नाही. सोंडे चाळता येतात, उन्हात पसरलं की पळतात. बुरशी चाळता येत नाही. खोलीचं पत्र्याचं छत गळतं, पोती भिजतील, हे मी पावसाळ्यात दोनदा सांगितलं होतं. उरलेली सगळी पोती उघडून पाहिली. एकही धड नव्हतं.

हेडमास्तरांना बोलावलं.

"सर, हा तांदूळ मी शिजवणार न्हाई."

त्यांनी लांबूनच पाहिलं. "मावशी, वरचा वरचा काढून टाका. दोनदा धुवा. हळद जरा जास्त टाका. ॲडजस्ट करा."

मला इंग्रजीतलं हे एकच क्रियापद पक्कं येतं. शाळेनंच शिकवलं. गॅस संपला, ॲडजस्ट करा, म्हणजे चूल फुंका. तेल आलं नाही, ॲडजस्ट करा, म्हणजे पाणी वाढवा. जोडीदारीण रजेवर गेली, ॲडजस्ट करा, म्हणजे दोघींचं काम एकटीनं ओढा. इंग्रजीचा कंटाळा आला की त्याचीच मराठी भावंडं येतात: भागवा, चालवून घ्या, निभावून न्या, सांभाळून घ्या. शब्द बदलला तरी माझ्या वाट्याला एकच अर्थ येतो, तक्रार करू नका. आणि हा शब्द कायम वरून खाली येतो. खालून वर जाताना मी कधी ऐकला नाही.

"हळदीनं रंग झाकतो सर, वीख न्हाई," मी म्हणाले. "पोरं ओकायला लागली तर?"

"आजपर्यंत कुणाला काही झालंय का?" असं म्हणून ते ऑफिसात गेले.

ऊसतोडीचे दिवस होते. मायबाप कारखान्याला गेलेले, पोरं आजा-आजीजवळ ठेवलेली. तिसरीतली कोमल सकाळी नुसता चहा पिऊन येते, कारण तिच्या आजीला दिसत नाही आणि चूल दुपारनंतर पेटते. शाळेतलं जेवण हाच तिचा पहिला घास. तिच्यासारखी बरीच आहेत. शिजवलं नाही तर पोरं उपाशी, शिजवलं तर आजारी. वाढायला दीड तास होता.

डाळ पत्र्याच्या डब्यात होती म्हणून वाचली होती. ती चुलीवर चढवली, जोडीदारणीला बसवलं आणि मारुतीच्या देवळात गेले. आमच्याकडे सप्ताहात पंगतीची भाकरी घरटी गोळा होते. भोंग्यावर पुकारा झाला की बाई फडक्यात भाकरी बांधून आणून देते. कारण विचारत नाही.

पुजारी म्हणाला, "आक्का, सप्ताह न्हाई, एकादस न्हाई. कशाचा पुकारा?"

"शाळेतल्या पोरांचा. माईक दे."

मी सरळ सांगितलं, "शाळेतला तांदूळ नासलाय. घरटी दोन भाकरी शाळेत आणून द्या."

गावात म्हाताऱ्याच उरल्या होत्या. तरी आल्या. कुणाची ताजी, कुणाची सकाळची. एक म्हातारी भाकरी टाकता टाकता म्हणाली, "आधी देवासाठी मागत होते, आता सरकारसाठी मागायल्यात. देवाचं तरी बरं होतं, त्येचा तांदूळ सडत नव्हता." पोरं वरण-भाकरी पोटभर जेवली. कोमलनं दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीसाठी हात पुढं केला.

हेडमास्तर लालबुंद होऊन आले. "भोंग्यावर 'नासलाय' कशाला म्हणालात? पोरांना भूक लागली एवढंच सांगायचं!"

"भूक रोजच लागती सर. आज तांदूळ नासला."

गावातून कुणीतरी फोन केला असावा. दुपारी केंद्रप्रमुख मोटरसायकलवर हजर. आठ-दहा शाळांवर देखरेख करणारे हे साहेब. सगळं नियमात आहे हे दाखवायला हेडमास्तरांनी चव रजिस्टर पुढं केलं. मुलांना वाढायच्या आधी स्वयंपाकीण, शिक्षक आणि एक पालक अशा तिघांनी जेवण चाखायचं आणि या वहीत सही करायची, असा नियम आहे.

इथं माझी चूक आहे, ती मी लपवणार नाही. आमच्या शाळेत आठवड्याच्या सह्या सोमवारीच व्हायच्या. रोज कोण वही धुंडाळणार? मीही करायचे. हेडमास्तर करायचे. पालकाची सही तर पालक कारखान्यावर असला तरी व्हायची.

साहेबांनी त्या दिवसाचं पान वाचलं. "बुधवार. मसाले भात. चव उत्तम. मावशी, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग भात कुठंय?"

"पोत्यात."

साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. हेडमास्तरांनी खिडकीकडं. मग साहेब हळूच म्हणाले, "एवढं पान ॲडजस्ट करून घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी सडका तांदूळ पोरांच्या पोटात घालायचा, दुपारी खोटं पान खरं करायचं, आणि दोन्ही कामाला एकच शब्द! मी आत गेले. दाखवायला म्हणून मूठभर तांदूळ वेगळा शिजवून ठेवला होता. तीन ताटल्यांत घातला आणि टेबलावर आणून ठेवला. वासानं साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"पान बदलायची गरजच न्हाई साहेब. तिघांनी घास घेतला की वही खरी होती. पालकाच्या वाट्याचा तुमी खा. मी सुरू करते."

मी घास उचलला. साहेबांनी माझा हात धरला. "राहू द्या मावशी." मग पोती पाहिली आणि पंचनामा लिहून घेतला.

चौथ्या दिवशी नवीन तांदूळ आला, तोवर पोरं गावच्या भाकरीवरच जेवली. छत अजून गळतं, पोती आता बाकांवर ठेवतो. मला मात्र नोटीस आली: परवानगी न घेता भोंग्यावरून शाळेची बदनामी केली, खुलासा द्या. मी माझ्या हातानं दोन ओळी लिहिल्या. तांदूळ सडका होता. रजिस्टरमधली माझी बुधवारची सही खोटी होती, ती सोमवारी केली.

हेडमास्तर म्हणाले, "पहिली ओळ ठेवा, दुसरी काढा. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता?"

मी काढली नाही. कागद तसाच वर गेला आणि तिथंच थांबला. मला कामावरून काढायचं तर त्या दुसऱ्या ओळीची चौकशी करावी लागते, आणि माझ्या सहीखाली हेडमास्तरांची सही आहे. मी अजून शिजवते. आपली चूक आपणच लिहून दिली की ती दुसऱ्याला आपल्यावर वापरता येत नाही, एवढं मला या वयात कळलं.