माझी थुंकी, त्यांचे कप

"मॅडम, तुम्हीच थुंका की. आम्ही बघतो."

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख असं म्हणाले. सोलापुरातल्या एका कॉलेजचं सभागृह. समोर भौतिकशास्त्राचे, गणिताचे, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना आजचं जीवशास्त्र कळावं म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा ठेवलेली आणि शिकवायला मला बोलावलेलं. प्रयोग अगदी सोपा. मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, ती आपापल्या नळीत थुंकायची, साबणाचा थेंब टाकायचा, वरून गार स्पिरिट सोडायचं. पांढरे तंतू वर येतात. तो आपला स्वतःचा डीएनए.

कुणीच नळी उचलली नाही.

सकाळी प्रमुखांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. होटगी म्हटल्यावर, "होटगीत कुठं?" मी वस्तीचं नाव सांगितलं. पुढं त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं उरलंच नव्हतं काही.

मी थुंकले. ओढणी तोंडापुढं धरून, सगळ्यांसमोर. मागं कुणीतरी हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तंतू छान वर आले. मी नळी प्रमुखांपुढं धरली. त्यांनी हात मागं घेतला. "तिथूनच दाखवा, दिसतंय." मग शेजारच्यांनीही घेतली नाही. मी माझी थुंकी हातात धरून रांगेरांगेतून फिरले. कान तापले होते. पायाखालची फरशी सोडून कुठं बघावं कळत नव्हतं.

खरं तर मला पुढं बरंच सांगायचं होतं. हा तंतू ताणायला किती बल लागतं. एवढी लांब दोरी एवढ्याशा पेशीत कशी मावते. तिची नक्कल होताना चूक व्हायची शक्यता किती. सगळं त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गणितात बसवून आणलं होतं. प्रमुख घड्याळ बघत म्हणाले, "पाठांतराचा विषय आहे, आटपा. आकड्यांचं आमचं आम्ही बघून घेऊ."

मी आटपलं.

चहा झाला. शिपाई जागेवर नव्हता. मी बेसिनपाशी नळी धूत होते, तिथं प्रमुख स्वतः कपांचा ट्रे घेऊन आले. "धुताच आहात तर एवढे कपही विसळून टाका. तुम्हाला काय, सवय असेल."

माझी नळी त्यांच्या बोटाला चालली नाही. त्यांच्या उष्ट्या कपांना मात्र माझा हात चालत होता. मला हे तेव्हाच कळलं. कळूनही मी कप विसळले. पीएच.डी. झालेली बाई मी, कपाच्या कडेचे ओठांचे डाग अंगठ्याने घासत होते.

घरी आईनं तोंड बघूनच ओळखलं. आई मंगल कार्यालयात भांडी घासायची, त्यावर मी शिकले. तिला सगळं सांगितलं, कपांचं सोडून. तिनंच विचारलं.

"आन् कपं कुणी धुतली?"

"मी."

तिनं माझे हात हातात घेऊन बघितले. मग म्हणाली, "मी घासली, त्याचा मला पगार हुता. तुला तर शिकवायचा पगार हाय की. मग कशापायी धुतलीस?"

आईसमोर इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच लोक, तेच सभागृह. मी प्रत्येकापुढं एक नळी आणि मिठाच्या पाण्याचा पेला ठेवला. प्रमुखांपुढंही. मग माझे रिकामे हात टेबलावर ठेवले.

"हे काय? कालच झालं ना?" ते म्हणाले.

"काल माझं झालं, सर. आज ज्याचं त्यानं करायचं. त्याशिवाय मी पुढं शिकवणार नाही."

"मॅडम, तुम्हाला आम्ही बोलावलंय."

"शिकवायला बोलावलंय."

आवाज कापत होता. कापू दिला. ते खुर्ची सरकवून बाहेर गेले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. राहिलेल्यांतल्या गणिताच्या एका बाईंनी आधी चूळ भरली. मग बाकीच्यांनी, एकमेकांकडं न बघता. मी बल, लांबी, शक्यता, सगळं शिकवलं. घाई केली नाही.

शेवटी ज्याने त्याने आपली नळी धुतली. चहाचे कप टेबलावर तसेच होते. प्रमुखांची नळी त्यांच्या खुर्चीपुढं कोरडी उभी होती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

त्या कॉलेजनं मला परत बोलावलं नाही. दुसरीकडून बोलावणं आलं की मी आधीच सांगते, प्रत्येकाची थुंकी प्रत्येकाच्या नळीत, आणि धुणंही ज्याचं त्यानं. जमत नसेल तर मी येत नाही. पहिल्या दिवशीची लाज अजून गेलेली नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं. ती आहे तोवर माझा हात कुणाच्या कपाकडं जाणार नाही.