सुपडूने फिरवलेला कॉक

सुपडूला गळतं काही बघवत नसे. कोणाच्या ओट्यावर बसला आणि नळ ठिबकायला लागला, की बोलणं अर्धवट टाकून हा उठलाच. एका लग्नात तर त्याने टाकीचा कॉक आवळून टाकला आणि आचारी पाण्यासाठी बोंबलत राहिला. ठिबकवर कपाशी जगवणाऱ्याचा हात तो, गाव हसायचं आणि सोडून द्यायचं.

त्याच हाताने त्याला गोत्यात आणलं. धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान जरा वर गेलं, एकदम गप्प झालं आणि त्याच्या कपाशीत कोसळलं. सगळ्यात आधी सुपडू पोचला. आत डिंपल नावाची शिकाऊ पोरगी, एकटीच, जबडा फुटलेला. खाली पेट्रोल ठिबकत होतं. सुपडूने हात घालून लाल कॉक फिरवला आणि मग तिला बाहेर ओढलं.

पोलीस येण्याआधीच शेजारच्या छगनने कानमंत्र दिला होता, की यंत्राला हात लावला म्हणालास तर कोर्टाचे खेटे घालत म्हातारा होशील. सुपडूने जबाब दिला, "पोरीला काढलं, बाकी कशालाच हात लावला नाही."

मग तपासाचे साहेब आले आणि त्यांना कॉक बंद सापडला. पोरीने कॉक बंद ठेवूनच, नळीत उरलेल्या पेट्रोलवर विमान उडवलं, असं जो तो बोलू लागला. तिला बिचारीला तोंडच उघडता येत नव्हतं. विमानाभोवती दोरी बांधली होती. तिची आई पुष्पाबाई रोज त्या दोरीशी येऊन उभ्या राहायच्या, आणि सुपडू दिसला की वाकून त्याच्या पाया पडायच्या. माझी लेक वाचवलीत, म्हणायच्या. एका रात्री सुपडूने घरी कॉकचं सांगून टाकलं.

"साहेबले बठ्ठं खरं सांगी टाक," बायको बेबाबाई म्हणाली. "ती बी कोना मायबापनी पोर शे."

"आनि पोलीस?"

"फाशी देतीन का?"

सकाळी तो दोरीशी गेला. "साहेब, तो कॉक मी बंद केला."

साहेब ओरडले नाहीत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "बंद केल्यावर काय झालं?"

"ठिबकणं थांबलं."

"नक्की?"

"थांबलं म्हणून तर आत शिरलो."

"म्हणजे तोवर तो उघडाच होता. इंजिन दुसऱ्याच कशाने तरी बंद पडलं." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमचा आधीचा जबाब खोटा होता. पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

पुष्पाबाई मागेच उभ्या होत्या. आज त्या वाकल्या नाहीत.

"रोज तुमच्या पाया पडत होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पडू दिलंत."