टिकली लावलेलं पेट्रोल

माझी बायको श्रावणात गेली आणि दिवाळीनंतर मला कळलं की आपल्या कोठ्यात, म्हणजे बैलांच्या जुन्या गोठ्यात, दोन मशिनी आहेत. तशा त्या सहा वर्षांपासून तिथंच होत्या. एक बागेतला छोटा ट्रॅक्टर, ज्याच्यावर बसता येत नाही, मागून पायी चालावं लागतं. दुसरा फवारणीचा पंप, पाठीवर बांधायचा. दोन्ही पेट्रोलवर. पण त्या तिच्या होत्या. मी बैलांचा माणूस. बैल विकले तेव्हा मी तीन दिवस नीट जेवलो नाही, आणि चौथ्या दिवशी ती हा ट्रॅक्टर टेम्पोत घालून घेऊन आली. म्हणाली, हा चारा खात नाही आणि शिंगही मारत नाही. मी रागाने त्याला हात लावला नाही. राग गेला, पण हात लावायचं राहूनच गेलं. ती मशिनीच्या मागे चालायची आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बिडी ओढायचो. ह्याला मी देखरेख म्हणायचो.

काटोलकडे आमची संत्र्याची दीडशे झाडं आहेत. हिवाळ्यात झाडाला ताण देतात, म्हणजे दीड-दोन महिने पाणी तोडायचं. झाड उपाशी राहिलं की घाबरतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. तेवढे दिवस बागेत काम नसतं. मशिनी झाकून ठेवायच्या आणि संक्रांतीला ताण तोडताना पुन्हा काढायच्या. झाकणं-काढणं सारं तीच करायची. मला फक्त एवढं माहीत होतं की त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर होतो.

मुलगा नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने सरळ सांगितलं की बाबा, आई होती तोवर ठीक होतं. आता संक्रांतीला मी येतो. मशीन तुमच्या हाताने सुरू झाली तर तुम्ही राहा इथं. नाही झाली तर बाग ठेक्याने देऊ आणि तुम्ही माझ्याकडे या. त्याच्या घरी मला काही त्रास नाही. सून चांगली आहे, भाजीत तेल कमी घालते एवढंच. पण दुसरा माळा आहे. थुंकायचं तर खाली उतरावं लागतं. आणि हे दीडशे झाडांचं रान सोडून मी त्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांवर देखरेख करू काय?

म्हणून ह्यावेळी मशिनी मी झाकल्या. कोठ्याच्या फळीवर थंड्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेलं पेट्रोल होतं. अकरा बाटल्या. त्यांतल्या सात बाटल्यांवर टिकल्या लावलेल्या. बाया कपाळाला लावतात त्याच. काही लाल, काही हिरव्या, एक काळी. चार बाटल्या कोऱ्या. बायकोला लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलो, पण मलाही कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. मी विचार केला की टिकली म्हणजे सावध राहा, ह्यात काही भेसळ आहे. कोरी म्हणजे शुद्ध. विचार करायला मला फार वेळ लागला नाही, तिथंच चूक झाली. चारपैकी दोन कोऱ्या बाटल्या मी दोन्ही टाक्यांत काठोकाठ ओतल्या. पोट भरलेलं असलं की झोप चांगली लागते, हा माझा हिशोब. वरून तिचं जुनं लुगडं टाकलं आणि मोठं काम केल्यासारखा येऊन झोपलो.

पौषात संक्रांतीला दहा दिवस राहिले तेव्हा लुगडं काढलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली. बैल अडून बसला तर त्याच्या कानात काही बोलता येतं, शेपटी पिळता येते. ह्याला काय पिळायचं? पंपाचंही तसंच. संध्याकाळपर्यंत माझा उजवा खांदा असा धरला की घास डाव्या हाताने खावा लागला.

दुसऱ्या दिवशी काटोलहून मिस्त्री आणला. त्याने आतला कार्बोरेटर खोलला आणि माझ्या नाकाजवळ धरला. आत बाभळीच्या डिंकासारखं चिकट साचलं होतं आणि वास असा की जणू जुना रंगाचा डबा उघडला. तो म्हणाला, पेट्रोल सडतं हे तुम्हाला माहीत नाही का? मी म्हटलं, दूध नासतं, टमाटर सडतं, पेट्रोल कसं सडेल? त्याने टाक्या रिकाम्या केल्या आणि सांगून गेला की ठेवताना टाकी रिकामी ठेवायची असते, आणि ह्यापुढे चांगलंच पेट्रोल घाला. पंपात तेल मिसळलेलं लागतं. साधं घातलं तर पंप जाम. ट्रॅक्टरात तेलाचं घातलं तर धूर. मान हलवून मी त्याला रवाना केलं आणि तिसरी कोरी बाटली ट्रॅक्टरात ओतली. शुद्ध म्हणून. दोन फटके खाऊन तो पुन्हा मेला.

मिस्त्री माझ्या बायकोला आजी म्हणायचा. फोन केला तर तो म्हणाला, "आजी कोनत्या बाटलीतलं टाके, ते आधी पाहा. मंग मले बोलवा."

पेट्रोलपंपावर जाऊन नवं आणणं मला सुचलं नाही असं नाही. पण घरात तिने भरून ठेवलेल्या बाटल्या असताना बाहेरून आणायचं, हे मनाला पटेना. आणि टिकल्यांचा अर्थ सांगणारं एकच माणूस उरलं होतं. तिची धाकटी बहीण. नागपूरला गांधीबागेत बांगड्या-टिकल्यांचं दुकान लावते. त्यांचं घर विणकराचं. बाप सुताच्या गाठोड्यांवर रंगाचे ठिपके लावून कोणतं सूत कुठलं ते ओळखायचा. माग बंद पडले, पण पोरींच्या डोक्यात ठिपके राहिले.

अडचण अशी की ह्या बहिणीशी, म्हणजे माझ्या साळीशी, मी पाच महिने बोललो नव्हतो. बायकोच्या तेरवीला ती चारचौघांत म्हणाली की तुम्ही बिडी ओढत बसले आणि माझ्या बहिणीने मशीन ओढली. मी म्हटलं, तू पुन्हा माझ्या दारात येऊ नको. ती आली नाही. बायका इतर वेळी ऐकत नाहीत, नेमकं तेव्हा ऐकतात.

नमुना दाखवावा म्हणून मी दोन बाटल्या थैलीत घालून बसमध्ये चढलो. कंडक्टरने वास घेतला आणि मला पुढच्या फाट्यावर उतरवलं. त्याचं चुकलं नाही. परत आलो आणि डोकं चालवलं. बाटल्या कशाला न्यायच्या? टिकल्याच न्याव्या. मी सातही टिकल्या नखाने काढल्या आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने चिकटवल्या. वरून स्वेटर. बसमध्ये गरम झालं म्हणून बाही वर केली तर शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली.

दुकानात गर्दी होती. साळीने मला पाहिलं आणि पाहिलं नाही. मी बाही वर करून हात तिच्यासमोर धरला. तिने एकेक टिकली मोजली.

"हातावर काहून लावल्या भाऊजी? कपाळावर जागा नाही काय?"

मी सारं सांगितलं. कोठा, बाटल्या, डिंक, मुलाची संक्रांत. ती ऐकत होती आणि तिचं तोंड हळूहळू बदलत होतं. शेवटी तिने विचारलं की ह्या कोणत्या बाटलीवरून काढल्या ते लिहून ठेवलं ना? मी म्हटलं, सगळ्याच काढल्या. ती गल्ल्यावर डोकं टेकवून हसायला लागली. बांगड्या भरायला बसलेली एक नवरी हात तसाच हवेत धरून आमच्याकडे पाहत राहिली.

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि समजावलं. लाल म्हणजे साधं पेट्रोल, ट्रॅक्टरचं. हिरवी म्हणजे तेलाचं, पंपाचं. काळी म्हणजे घासलेट, पुर्जे धुवायला. एका उन्हाळ्यात बहीण तिच्याकडून नऊ पाकिटं घेऊन गेली होती, तेव्हा हिने विचारलं होतं की बाई, तुला कपाळं किती?

"अन् कोरी?" मी विचारलं.

तिने गल्ल्याचं झाकण लावलं. "कोरी म्हंजे मेलेलं. पेट्रोल दोन महिन्याचं झालं का माही बहीण त्याची टिकली काढून टाके. म्हने, ह्याचा नवरा गेला."

म्हणजे मी शोधून शोधून दोन्ही मशिनींना मेलेलंच पाजलं होतं.

साळीच्या कपाळावर लहानशी मरून रंगाची टिकली होती. तिचा नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी तिची टिकली काढली होती, आणि तेराव्या दिवशी माझ्या बायकोने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने ती पुन्हा लावली होती. मी तेव्हा बायकोला खूप बोललो होतो. लोक काय म्हणतील वगैरे. ती मला म्हणाली होती की माणसाची टिकली कशाले काढता, सडते ते पेट्रोल. मला वाटलं होतं, बाई रागात काहीतरी बोलते. ती तर कोठ्यातला कायदा सांगत होती.

साळी म्हणाली की टिकल्या काढल्या तर आता वासावरूनच ओळखावं लागेल, आणि ते तुमच्या बिडीच्या नाकाला जमणार नाही. मी येते. पण एक गोष्ट म्हणा.

"काय म्हनू?"

"म्हना का माह्या बहिनीले तुमच्याहून जास्त समजे."

मी नवरीकडे पाहिलं. नवरीच्या आईकडे पाहिलं. मग म्हटलं. साळीने कानामागे हात धरला. "मोठ्यानं म्हना. तिले आयुष्यभर आयकू आलं नाही."

मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या कापडवाल्यानेही मान बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी ती आली. कोठ्यात पाटावर बसून एकेक टोपण उघडून वास घेत होती, वैद्य नाडी पाहतो तशी. पहिली बाटली बाजूला. दुसरी बाजूला. सगळ्याच एका बाजूला जायला लागल्या तेव्हा मी विचारलं, ह्यातली जिवंत कोणती?

तिने उलट मलाच विचारलं. "हे तिनं कधी भरलं होतं?"

मी म्हटलं, आषाढात. आजारी पडायच्या आधी, शेवटचं. साळीने बोटं मोजली. श्रावण, भादवा, अश्विन. तिथंच थांबली. पुढे मोजायची गरज नव्हती.

"भाऊजी, माही बहीण असती तर ह्या साऱ्याच टिकल्या तिनं कवाच काढल्या असत्या," ती म्हणाली. "तुम्ही काढल्या ते बरोबरच केलं."

आयुष्यात पहिल्यांदा कोठ्यातलं एक काम माझ्या हातून बरोबर झालं होतं आणि मला बसायला जागा सापडेना. मी म्हटलं, फेकायचं कशाला, एखादी राहू दे.

"कशाले?"

मी फळीवरची धूळ हाताने पुसायला लागलो. ती उठली आणि हात धुवायला विहिरीवर गेली. चांगला वेळ लावून धुतले.

घासलेटाची बाटली तिने वासावरून वेगळी काढली होती, ती राहू दिली, घासलेट सडत नाही म्हणे. बाकीच्या साऱ्या मी धुऱ्यापल्याड नेल्या, जिथं एकही झाड नाही, नुसती वाळवीची वारुळं आहेत. एकेक वारुळात ओतत गेलो. वाळवीने बहुतेक पेट्रोल भरणारीला शिव्या दिल्या असतील, मला नाही. शेवटची बाटली मी टोपण उघडून जरा नाकाजवळ धरली. वास पेट्रोलचाच होता. दुसऱ्या कोणाचा नव्हता. मग तीही ओतली.

काटोलच्या पंपावरून नवं पेट्रोल मी स्वतः आणलं, लोखंडी डब्यात. मिस्त्रीने पुन्हा सारं धुऊन दिलं आणि दोरी कशी ओढायची ते शिकवलं. आधी हळूच ओढून अडतं तिथं थांबायचं, मग एकदम. मी सहा वर्षं पाहत होतो, तरी मला हे नवीन होतं. पाहणं आणि बिडी ओढणं एका वेळी होत नाही, असं दिसतं.

संक्रांतीला मुलगा आला. तिळगूळ दिला आणि सरळ कोठ्याकडे गेला. मी दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. मुलाने खिशातून मोबाइल काढला, आणि मला माहीत होतं की तो ठेकेदाराला फोन लावणार. तेव्हा मला दिसलं की पेट्रोलचा कॉकच बंद आहे. मी खोकल्याचं सोंग करून खाली वाकलो, कॉक उघडला, आणि तिसऱ्यांदा ओढली. ट्रॅक्टर असा गरजला की मुलाच्या हातातला मोबाइल पडला. मी दोन ओळी चालवून दाखवल्या. वाकड्या गेल्या, पण गेल्या.

त्याने मोबाइल उचलून पुसला आणि म्हणाला, "बाबा, मी तुमच्यासाठी दिवान घेऊन ठेवला होता. गादीसकट."

"मंग इकडं पाठवून दे गा," मी म्हटलं. "माही खाट तशीही खाली लोंबून झोयी झाली."

पुढच्या रविवारी टेम्पोत दिवान आला. घराच्या दारातून काही केल्या आत जाईना. आडवा केला, उभा केला, पाय खोलले, चौकट खरवडली. शेवटी टेम्पोवाल्याने आणि मी मिळून तो कोठ्यात नेऊन ठेवला, ट्रॅक्टरच्या शेजारी. दुपारी मी तिथंच झोपतो. गादी चांगली आहे.