वोल्फ्राडचा ठसा

माझा नवरा वोल्फ्राड सोनार. ऱ्हाईनकाठच्या आमच्या गावात झगा खांद्यावर अडकवायला त्याच्या हातचा ब्रोच नाही, अशी बाई सापडायची नाही. माणूस मात्र महा तिरसट! गिऱ्हाईक ‘जरा लवकर द्या हो’ म्हणालं की ह्याचा हात मुद्दाम सावकाश चालायचा. तांबड्या खड्याखाली तो सोन्याचा वर्ख घालायचा, बारीक चौकटी उठवलेला. वर्ख नसला तर खडा काळाठिक्कर दिसतो. त्या चौकटी उठवायचा पितळी ठसा त्यानं स्वतः कोरला होता. अख्खा हिवाळा लागला, आणि त्या हिवाळ्यात माझ्याशी धड चार शब्द बोलला नाही मेला.

शेवटची सहा वर्षं त्याला दिसतच नव्हतं. काम सगळं आमची लेक गेरलिंड करायची. पण गावाला कळू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. मीही तोंड शिवून बसले.

यंदा बर्फ वितळता वितळता तो गेला. आमच्यात माणसाबरोबर त्याची हत्यारं पुरतात. धाकटा दीर हुनुल्फ सकाळीच दारात हजर. “वहिनी, हातोडी, चिमटे, ठसा, सगळं काढा. दादा काय रिकाम्या हातानं जाणार?”

गेरलिंड माझ्या कानाशी लागली. “आई, ठसा गेला तर मी काय करू गं? मला दुसरं येतंय काय?”

“हातोडी न्या, चिमटे न्या,” मी म्हणाले. “लोहार ती पुन्हा करून देईल. ठसा मिळायचा नाही, भावोजी.”

“मग तिकडे त्याला सोनार म्हणून ओळखणार कोण?”

माझं डोकंच फिरलं. खांद्यांवरचे दोन्ही ब्रोच मी ओढून काढले. लग्नातले, त्याच्याच हातचे. झगा घसरायला लागला, तो एका हातानं धरला. “हे ठेवा त्याच्या छातीवर. ह्यावरून ओळखतील.”

“बायकी दागिने पुरुषाच्या अंगावर? लोक तोंडात शेण घालतील! आणि उद्या तुम्ही गेलात की? उघड्या खांद्यांनी पुरायचं तुम्हाला?”

तसं कुणालाच पुरत नाहीत आमच्यात.

“आईचे मी घडवीन, काका,” गेरलिंड म्हणाली. “काकूच्या खांद्यावरचेही मीच घडवलेत.”

हुनुल्फनं एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा ठशाकडे. मग त्यानं माझ्या हातातले ब्रोच घेतले, हातोडी-चिमटे उचलले आणि निघाला. ठसा तिथेच राहिला. मला तेव्हा कुठे रडू फुटलं.